रंगीत तालमीच्या चिपा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेरीलँडमध्ये राहणाऱ्या आतेभावाने घर बदलताना कॅसिनोच्या सहा चिपा, म्हणजे जुगारात पैशांऐवजी वापरायच्या गोल चकत्या, तुमच्या हातावर ठेवल्या. पाच एकसारख्या, एकरंगी, वर सोनेरी अक्षरांत कॅसिनोचं नाव आणि ‘नो कॅश व्हॅल्यू’. सहावी एक डॉलरची, खरीखुरी. ‘कॅसिनो उघडायच्या आधी सरावाच्या रात्री झाल्या, तेव्हाच्या आहेत,’ एवढंच तो म्हणाला. यांना काही किंमत आहे का, आणि अशाच आणखी जमवायच्या तर सुरुवात कुठून करायची?

आधी एक काम करा. आतेभावाला फोन लावा आणि विचारा, त्या रात्री तू तिथे कोण म्हणून गेला होतास? तिथे काम करणाऱ्या कुणाचा घरचा माणूस म्हणून, की रीतसर आमंत्रण मिळालेला पाहुणा म्हणून? एकदाच गेला होतास की दोनदा? माझा अंदाज दोनदा असा आहे. पाच चिपा एका रात्रीच्या असणार आणि सहावी दुसऱ्या, आणि या दोन रात्रींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तो जे सांगेल ते लिहून घ्या. घर बदलताना माणसं आधी कागद टाकतात आणि मग आठवणी, त्यामुळे उशीर करू नका.

मी मूळचा सावंतवाडीचा. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका बोटीवर डीलर म्हणून लागलो, मग सहा वर्षं क्रूझवर आणि पुढची अकरा वर्षं अटलांटिक सिटीत. पत्ते वाटून पोट भरलं आणि चिपा जमवून खिसा रिकामा केला. ‘चिपा’ हा शब्द माझा घरगुती आहे. ‘चिप्स जमवतो’ म्हटलं की आमच्या आईच्या डोळ्यांपुढे बटाट्याचे काप येतात.

नाटकवाल्यांना त्या दोन रात्रींचा फरक लगेच कळेल. एक असते तालीम आणि दुसरी रंगीत तालीम.

तालीम घरच्या घरी चालते. गालिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नसतं, रंगाचा वास येत असतो, आणि नुकतेच शिकून आलेले डीलर पहिल्यांदाच खऱ्या टेबलामागे उभे असतात. समोर गिऱ्हाईक म्हणून मुदपाकखान्यातले आचारी, हाउसकीपिंगच्या बायका, डीलरांचे नवरे, बायका, सासू-सासरे. प्रत्येकाला चिपांची एकेक थप्पी फुकट. खेळा, हरा, परत मागा. मी भाग घेतलेल्या एका तालमीत पाहुण्यांना चक्क सांगून ठेवलं होतं, की त्रास द्या. एका आजीबाईंनी ते इतकं मनावर घेतलं की चेंडू खाचेत पडल्यावर त्या हळूच चिप सरकवायच्या आणि ‘आधीच ठेवली होती’ म्हणून भांडायच्या. रुलेटवर उभा असलेला पोरगा रडकुंडीला आला. पण पुढे महिनाभराने खऱ्या गिऱ्हाइकाने हीच चाल केली तेव्हा त्याचा आवाज चढला नाही की हात थरथरला नाही.

या रात्री वापरायच्या चिपा खऱ्या नसतात, आणि त्याला कारण आहे. कॅसिनोची खरी चिप म्हणजे हुंडी. ती ज्याच्या हातात आहे त्याचं कॅसिनो देणं लागतो. नेवाडा राज्याच्या गेमिंग नियमांत तर स्पष्टच लिहिलंय, की चिप ही फक्त देण्याची खूण आहे आणि तिची मालकी ती काढणाऱ्या कॅसिनोकडेच राहते. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या माझ्या कपाटातल्या खऱ्या चिपा माझ्या नाहीतच, मी फक्त त्या सांभाळतोय! असली हुंडी शिकाऊ पोरांच्या आणि त्यांच्या सासऱ्यांच्या हातात कोण देईल? २०१० च्या डिसेंबरात लास व्हेगासच्या बेलाजिओत हेल्मेट घातलेला एक मोटरसायकलस्वार पिस्तूल दाखवून सुमारे १५ लाख डॉलरच्या चिपा घेऊन पळाला. कॅसिनोने काय केलं? २५ हजार डॉलरची ती मालिकाच बंद केली आणि जाहीर केलं, की ज्यांच्याकडे असतील त्यांनी एप्रिल २०११ पर्यंत आणून द्याव्यात, नंतर त्या कुचकामी. चोर पुढे त्या विकायला गेला आणि पोलिसांच्याच जाळ्यात अडकला. चिपेचा जीव कॅसिनोच्या शब्दात असतो, तो असा.

म्हणून तालमीसाठी वेगळ्या, स्वस्तातल्या चिपा मागवतात. नेवाडात स्पर्धेच्या किंवा जाहिरातीच्या चिपांवर ‘नो कॅश व्हॅल्यू’ ठळक छापावं लागतं. इतरत्रही तीच रीत पडली आहे. तुमच्या पाच चिपांवर सोनेरी अक्षरं आहेत, म्हणजे तो गरम ठशाचा प्रकार. तयार कोरी चकती घ्यायची, तिच्यावर सोनेरी पन्नी ठेवायची आणि तापवलेल्या ठशाने दाबायची. एकच रंग, कडेला ठिपके नाहीत, मधे छापील कागद नाही, आणि खर्च नगण्य.

खरी चिप याच्या उलट. अमेरिकेत ‘क्ले’ म्हणतात ती चिप हे वेगवेगळ्या पदार्थांचं मिश्रण असतं. ते साच्यात घालून उष्णता आणि दाब देतात. व्यास साधारण ३९ मिलिमीटर आणि वजन ९-१० ग्रॅमच्या आसपास. कडेचे रंगीत तुकडे शोभेसाठी नसतात. वीस चिपांची थप्पी उभी केली की छतातल्या कॅमेऱ्याला कडेवरूनच कळायला हवं, की मधे एखादी चुकीची चिप घुसली आहे का. या धंद्यातलं मोठं नाव पॉलसन. पॉल एंडी यांनी १९६३ मध्ये लास व्हेगासमध्ये कंपनी काढली. २००२ मध्ये ती बड जोन्स आणि बुर्गोन्य-ए-ग्रासे या चिपा बनवणाऱ्या कंपन्यांसह एकत्र आली, पुढे या गटाचं नाव गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनल झालं, आणि २०१९ मध्ये जपानच्या एंजेल समूहाने ती विकत घेतली. पॉलसनच्या चिपेच्या कडेवरच्या कड्यात टोपी आणि काठीची नक्षी असते. तुमच्या सहाव्या चिपेवर ती आहे का, ते तिरक्या उजेडात धरून बघा.

आता रंगीत तालीम, जिथून ती सहावी चिप आली असावी.

पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, ओहायो, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांत कॅसिनो अलीकडचे. तिथल्या नियामकांनी सुरुवातीपासून कडक धोरण ठेवलं: दार उघडायच्या आधी सगळं आम्हाला चालवून दाखवा. मेरीलँडमध्ये याला ‘कंट्रोल्ड डेमॉन्स्ट्रेशन’ असं भारदस्त नाव आहे. आमंत्रित पाहुणे येतात, खेळ खऱ्या पैशांचा असतो, आणि त्या रात्रीची कमाई बहुधा धर्मादाय संस्थांना जाते. पाहुण्यांना वाटतं पार्टी आहे. खरं तर ती परीक्षा असते, आणि परीक्षक भिंतीला टेकून उभे असतात.

त्यांचं लक्ष पत्त्यांपेक्षा कागदांवर जास्त असतं. उदाहरणार्थ, टेबलावरच्या चिपा संपत आल्या की पिटमधून, म्हणजे टेबलांच्या घोळक्यातून, केजकडे, म्हणजे कॅसिनोच्या तिजोरीच्या खिडकीकडे, मागणी जाते. सुरक्षारक्षक चिपांचा रॅक घेऊन टेबलापाशी येतो. डीलर एकेक थप्पी कॅमेऱ्याला दिसेल अशी मांडतो, छोट्या सारख्या थप्प्यांत वाटून दाखवतो, मोजतो, मग तो आणि सुपरवायझर पावतीवर सही करतात आणि पावती टेबलाखालच्या कुलूपबंद पेटीत जाते. याला ‘फिल’ म्हणतात. हे सगळं चालू असताना समोर आठ माणसं ‘लवकर आटपा’ म्हणून बसलेली. मी हात झाडून तळवे वर केले नाहीत, म्हणजे हातात काही लपवलेलं नाही हे कॅमेऱ्याला दाखवलं नाही, म्हणून एका निरीक्षक बाईंनी माझं टेबल दहा मिनिटं थांबवलं होतं. बारा वर्षांची नोकरी झाल्यावर! तेव्हा राग आला होता. त्यांचं बरोबर होतं.

संग्राहकासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी: रंगीत तालमीला वापरलेल्या चिपा म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी वापरायच्याच चिपा. त्यांच्यावर वेगळी खूण नसते. तुमच्या आतेभावाची एक डॉलरची चिप आणि पुढच्या आठवड्यात कुणी रांगेत उभं राहून घेतलेली चिप शेजारी ठेवली तर देवालाही फरक सांगता येणार नाही. काही विक्रेते सांगतात, की कडा किती धारदार आहेत ते बघा, पृष्ठभागावरची बारीक जाळी शाबूत आहे का बघा, तशी असेल तर पहिल्या रात्रीची. नवी चिप तशी असते हे खरं, आणि महिना-दोन महिने हातातून फिरली की कडा बोथट होतात हेही खरं. पण केजच्या तिजोरीत राखीव रॅक वर्षानुवर्षं न वापरता पडलेले असतात आणि एक दिवस कोऱ्या करकरीत चिपा बाहेर येतात. त्यामुळे धारदार कडेवरून एवढंच कळतं, की चिप फार फिरलेली नाही.

मग ‘सरावाच्या रात्रीची चिप’ म्हणून तिला वेगळं कशाने ओळखायचं? सोबतच्या कागदाने. आमंत्रणपत्रिका, मनगटाला बांधलेला पट्टा, तारीख छापलेली पार्किंगची चिठ्ठी, खेळाच्या नियमांचं पत्रक, कर्मचाऱ्याच्या घरच्यांना दिलेला छातीवरचा बिल्ला. माझ्याकडे एक डॉलरची अशी एक चिप आहे, जिच्यासाठी मी तिच्या तोंडावरच्या किमतीच्या कितीतरी पट मोजले. चिप तशी दहा मिळाली असती. मी पैसे दिले ते सोबतच्या आमंत्रणाचे, ज्यावर नाव, टेबल आणि वेळ शाईने लिहिली होती.

तारखांचाच एक गुंता आहे, आणि मेरीलँडचा प्रश्न असल्यामुळे तो तुम्हाला लागू आहे. कॅसिनोची इमारत कधी उघडली आणि तिथे चिपा कधी आल्या, या दोन वेगळ्या तारखा असू शकतात. पेनसिल्व्हेनियात २००६ पासून कॅसिनो होते, पण फक्त जुगाराच्या यंत्रांचे, तिथे चिपा लागत नाहीत. पत्ते, रुलेट अशा टेबलांवरच्या खेळांचा कायदा जानेवारी २०१० मध्ये झाला आणि त्या जुलैत तेव्हाच्या नऊ कॅसिनोंत एकामागून एक टेबलं सुरू झाली. मेरीलँडमध्ये पेरीव्हिलचा हॉलिवूड कॅसिनो सप्टेंबर २०१० मध्ये उघडला, पण टेबलांना मतदारांनी मान्यता दिली नोव्हेंबर २०१२ मध्ये आणि ती सुरू झाली २०१३ च्या मार्चमध्ये. कुणी ‘पेरीव्हिल, सराव, २०१०’ असं लिहिलेली चिप दाखवली तर हसून परत करा. उलट बाल्टिमोरचा हॉर्सशू (ऑगस्ट २०१४) किंवा एमजीएम नॅशनल हार्बर (डिसेंबर २०१६) उघडले तेच टेबलांसकट. आतेभावाच्या चिपांवर कोणतं नाव आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे तुम्हीच ताडून बघा.

नावांचंही तसंच. क्लीव्हलंडचा हॉर्सशू, ओहायोतला पहिला कॅसिनो, १४ मे २०१२ ला उघडला आणि २०१६ मध्ये त्याचा ‘जॅक’ झाला. फिलाडेल्फियाचा शुगरहाउस सप्टेंबर २०१० मधला, २०१९ मध्ये त्याचं नाव रिव्हर्स झालं. अटलांटिक सिटीतला रेवेल २ एप्रिल २०१२ ला उघडला आणि २ सप्टेंबर २०१४ ला बंदही पडला, आणि त्याच इमारतीत २०१८ मध्ये वेगळ्या नावाने पुन्हा पत्ते वाटायला सुरुवात झाली. नाव बदललं की जुन्या चिपा मागे घेतात आणि नष्ट करतात. तालमीच्या चिपांचा तर हिशेब कुणी ठेवत नाही, एखाद्या खोक्यात पडून त्या कचऱ्यात जातात. म्हणून नाव बदललेल्या किंवा बंद पडलेल्या कॅसिनोच्या तालमीच्या चिपा मला आवडतात. नाटक पडलं, पण तालमीची वही राहिली.

आता नकली मालाबद्दल. हे मी ठेच खाऊन शिकलोय.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका अदलाबदलीच्या मेळाव्यात मी तीन चिपा घेतल्या. सोनेरी ठसा, अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोचं नाव, ‘फक्त प्रशिक्षणासाठी’ असा मजकूर. विकणाऱ्याची गोष्ट झकास होती: मेहुणी तिथे डीलर होती, तालमीनंतर सगळ्यांना वाटल्या. मी घासाघीससुद्धा केली नाही. घरी येऊन त्या त्याच कॅसिनोच्या जुन्या काडेपेटीशेजारी ठेवल्या आणि पोटात खड्डा पडला. चिपेवरचं बोधचिन्ह कॅसिनोने उघडल्यानंतर तीन वर्षांनी घेतलेलं होतं. तालमीच्या वेळी ते अस्तित्वातच नव्हतं.

घरगुती पोकर सेटच्या चिपा ओळखणं सोपं असतं. आत धातूची चकती घातल्यामुळे त्या साडेअकरा ग्रॅमच्या किंवा त्याहून जड भरतात, कडेवर फाशांची नक्षी असते, आणि बऱ्याचदा लोहचुंबक चिकटतो. पण तालमीच्या चिपेला ही कसोटी लावता येत नाही, कारण कॅसिनोवाले स्वतःच कधी कधी बाजारातल्या स्वस्त चकत्या घेऊन त्यावर ठसा मारतात. म्हणजे जड, साधी, फाशांच्या नक्षीची चिपसुद्धा अस्सल तालमीची असू शकते, आणि गरम ठशाचं यंत्र कुणीही विकत घेऊ शकतो. त्यामुळे वस्तूवरून फार कळत नाही. बोधचिन्ह त्या काळचं आहे का, कॅसिनोचं नाव तेव्हा तेच होतं का, टेबलं तेव्हा होती का, एवढं तपासायचं आणि मग माणसाकडे बघायचं. तुमच्याकडे आतेभाव आहे. एवढी भक्कम साखळी माझ्या संग्रहातल्या निम्म्या चिपांना नाही.

सहाव्या चिपेची पडताळणी मात्र सोपी आहे. म्यूझियम ऑफ गेमिंग हिस्टरी ‘चिपगाइड’ नावाची सूची चालवतं, फुकट. राज्य, शहर, कॅसिनो असं शोधत जा आणि कडेचे रंग जुळतात का बघा. तालमीच्या चिपा तिथे तुरळकच सापडतील. नाही दिसली म्हणजे खोटी, असं समजू नका.

आणखी कशा मिळवायच्या? सर्वांत सरळ वाट म्हणजे नवा कॅसिनो उघडणार असेल त्या भागात ओळख असणं. रंगीत तालमीची आमंत्रणं स्थानिक पुढारी, व्यापारी, सदस्यता कार्डवाले, कर्मचाऱ्यांचे नातेवाईक यांना जातात. आतेभाव तिकडेच राहतो, तर त्याच्या कानावर घालून ठेवा. तिथे गेल्यावर एक डॉलरच्या आणि पाच डॉलरच्या दोन-दोन चिपा विकत घ्यायच्या आणि घरी न्यायच्या. यात चोरी नाही, उलट कॅसिनो खूश होतो. तुम्ही पाच डॉलर दिले आणि ते परत मागायला कधीच आला नाहीत! रुलेटच्या चिपांना मात्र हात लावू नका. त्यांच्यावर किंमत नसते, प्रत्येक खेळाडूला वेगळा रंग असतो, आणि त्या टेबलावरच परत करायच्या असतात.

घरातल्या तालमीच्या चिपांचं जरा नाजूक असतं. काही ठिकाणी व्यवस्थापक आपणहून आठवण म्हणून वाटतात, काही ठिकाणी शेवटची चिप मोजून घेतात. त्यांना रोख किंमत नसली तरी त्या मालकाच्याच असतात. पाहुण्याने विचारावं, आणि कर्मचाऱ्याने तर लेखी विचारावं, कारण चिप खिशात सापडली तर प्रकरण परवान्यावर शेकू शकतं. मी काम केलेल्या एका जागी तालमीनंतर मोजणीत चाळीस चिपा कमी भरल्या. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, चौकशीच्या गोष्टी सुरू झाल्या, सगळ्यांची तोंडं उतरली. शेवटी कुणीतरी शहाण्या माणसाने कँटीनच्या दाराशी पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, वर भोक पाडून: ‘गपचूप टाका, विचारणार नाही.’ संध्याकाळी खोकं उघडलं तर आत बावन्न. आदल्या आठवड्याच्या तालमीतल्या बारा गेल्या होत्या, हे कुणाला कळलंच नव्हतं. उद्घाटन झाल्यावर त्यांनी त्याच चिपा प्रत्येकाला दोन-दोन वाटल्या. माझ्या दोन अजून आहेत, पाकिटात, वाटप करतानाच्या चिठ्ठीसह.

तिसरी वाट म्हणजे संग्राहकांची संघटना. १९८८ मध्ये कॅसिनो चिप आणि टोकन जमवणाऱ्यांचा क्लब म्हणून सुरू झाली, आता तिचं नाव कॅसिनो कलेक्टिबल्स असोसिएशन. लास व्हेगासला त्यांचं वार्षिक प्रदर्शन भरतं. तिथे टेबलांखालच्या खोक्यांत हात घालायचा. वर काचेखाली महागड्या चिपा मांडलेल्या असतात, आणि ‘नो कॅश व्हॅल्यू’ वाल्या खाली, डॉलरला एक या भावाच्या खोक्यात. माझा निम्मा संग्रह गुडघ्यांवर बसून झालाय. ऑनलाइन विक्री शेवटची वाट. तिथे गोष्टी जास्त विकल्या जातात.

किमतीचं विचारलंत म्हणून सांगतो. तुमच्या पाच चिपांचे फार तर काही डॉलर येतील, तेही योग्य गिऱ्हाईक भेटलं तर. बहुतेक संग्राहक खऱ्या, किमतीच्या चिपांमागे असतात आणि तालमीवाले आम्ही मोजकेच. सहावीचा कॅसिनो चालू असेल आणि ती मालिका मागे घेतली नसेल, तर ती केव्हाही एक डॉलरला वटेल, आणि कागद सोबत असेल तर जास्त. गुंतवणूक म्हणून कुणी सुचवत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

जपणुकीचं मी सावंतवाडीच्या पावसाकडून शिकलो. पहिल्या सुट्टीत चिपा आईच्या कपाटात ठेवून गेलो. दिवाळीत बघतो तर मधल्या कागदी वर्तुळांवर बुरशी आणि प्लास्टिकच्या पाकिटांतून चिकट तेलकट थर आलेला. ती पाकिटं मऊ पीव्हीसीची होती. नाण्यांसाठी मायलरची दोन इंची चौकोनी पाकिटं मिळतात, ती वापरा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. चिपा धुऊ नका. सोनेरी ठशावर स्पिरिट लावलंत तर पन्नी उचलली जाते, मग अक्षरांच्या जागी नुसता खळगा उरतो. विक्रेते चमक यावी म्हणून तेलाचा हात फिरवतात, तेही नको. चिपेवर काहीही लिहू नका. लिहायचं ते पाकिटातल्या कागदावर, पेन्सिलीने.

आमच्या सावंतवाडीचा गंजिफा पाहिला असेल तुम्ही. गोल पत्ते, लाखेची चकाकी, दशावताराच्या संचात १२० पानं. लहानपणी राजवाड्यात चित्रकार ते रंगवताना तासन्‌तास बघत बसायचो. जुगाराची गोल वस्तू हातात धरायची सवय बहुधा तिथलीच.

आपल्याकडे असं काही मिळेल का, हेही तुम्ही विचाराल. महाराष्ट्रात नाही. कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर ठेवणारा कायदा इथे १९७६ मध्ये झाला, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करायचं ठरलं. गोव्यात टेबलं आहेत, डीलरांची शिकवणीही होते. आम्ही शिकलो ते एका कोंदट खोलीत, कोऱ्या चकत्यांवर आणि कुठल्यातरी जुन्या जागेच्या, नाव खरवडून काढलेल्या चिपांवर. तेव्हा एकही खिशात घालावीशी वाटली नाही. आता तसली एक मिळावी म्हणून पाच वर्षं जुन्या सहकाऱ्यांना फोन करतोय. बांदा, पेडणे, म्हापसा इकडच्या घरांत एखाद्या पत्र्याच्या डब्यात असेलच. तुमच्या ओळखीत कुणी जुना डीलर असेल तर जरूर विचारा.

तुमच्या पाचांचं मी काय केलं असतं ते सांगतो. दोन ठेवल्या असत्या, एक पुढून दिसेल अशी आणि एक मागून, कारण ठसा दोन्ही बाजूंना सारखाच आहे की नाही ते बघणाऱ्याला कळायला हवं. उरलेल्या तीन अदलाबदलीला. तालमीवाला संग्राहक तीन एकसारख्या चिपांच्या बदल्यात तीन वेगळ्या कॅसिनोंच्या देतो, हा आमचा अलिखित व्यवहार आहे. फोनवर आतेभावाने सांगितलेलं प्रत्येक पाकिटात घाला: कुठला कॅसिनो, कोणती तारीख, तो कुणाच्या ओळखीने गेला, कोणत्या खेळाला बसला, चिपा दिल्या की मागून घेतल्या. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘उद्घाटनाच्या साधारण आठवडाभर आधी’ असंच लिहा, अंदाजाने आकडा ठोकून देऊ नका. आणि त्याला सांगा, की ज्या खणात या चिपा सापडल्या तोच खण पुन्हा एकदा उपसून बघ, मनगटाचा कागदी पट्टा तळाशी चिकटलेला असतो बऱ्याचदा.